प्ले आलाय

नाशिकमध्ये रविवारी सकाळी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधून जाताना एखाद्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर घाबरून जाऊ नये. शेजारी चहाचा कप असेल तर माणूस धडधाकट आहे. फक्त निवृत्त आहे.

कारखान्यांच्या गावात ही जमात मुबलक. ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला, मग सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत भरत गेली, आणि तिथं तीस-पस्तीस वर्षं कार्ड पंच केलेली माणसं आता एकेक करून घरी बसली आहेत. घरी बसली म्हणजे घरच्यांच्या मते. ओझरवाला पंखा दुरुस्त करायला घेतो तेव्हाही मायक्रॉनमध्ये बोलतो. मायको कंपनीवाल्याला डिझेलचा नॉझल नुसत्या आवाजावरून कळतो, आणि ते तो लग्नाच्या पंगतीतही सांगतो. महिंद्रातून आलेला माणूस सुट्या भागांना नावानं हाक मारत नाही, पार्ट नंबरानं मारतो. आणि या तिघांनाही ज्याच्याविषयी थोडा संशय वाटतो तो म्हणजे टूलरूममधला. तो कुणाचंच ऐकत नाही. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतले काका टूलरूममधले.

काकांनी गाडी बांधली आहे. ‘घेतली’ म्हटलं की ते दुरुस्ती करतात. जुन्या जीपची चासी, तिचेच अ‍ॅक्सल, तिचाच गिअरबॉक्स. त्यावर अंबडमध्ये एका ओळखीच्या शेडमध्ये वाकवून घेतलेला पत्रा. सीट पद्मिनीच्या, वायपरची मोटर मारुती आठशेची, आणि हॉर्न कशाचा आहे हे काका सांगत नाहीत. बरेचसे अवयव अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारातून जमवलेले. २०१७ साली महापालिकेनं त्या बाजारावर बुलडोझर चालवला, तेव्हा शहरानं सुटकेचा नि:श्वास टाकला आणि काका दोन दिवस जेवले नाहीत.

ही गाडी कायद्यात कुठं बसते, असं विचारायची सोय नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल काकांना पाठ आहे : कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. काकांचं म्हणणं, मी फेरफार केलेला नाही, मूळ रचनाच मी केली आहे. हा युक्तिवाद त्यांनी अजून आरटीओसमोर केलेला नाही. म्हणून गाडीचा संचार सोसायटीचं आवार, मागची गल्ली आणि काकांच्या मेहुण्याचा गिरणारेकडचा द्राक्षमळा एवढ्यापुरता. तिथवर तिला टेम्पोत घालून नेतात.

घरी गाडी बांधणं हा काही वेडेपणा नाही, हे पटवायला काका दोन दाखले देतात. पहिला खुद्द महिंद्राचा. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली ती बाहेरून आलेल्या सुट्या भागांतूनच. म्हणजे देशातली जीपच मुळात जोडणीची. दुसरा इंग्लंडचा. तिकडं १९५७ पासून लोटस सेव्हन नावाची गाडी सुट्या भागांत मिळायची, घरी नेऊन जोडायची, त्यात कर वाचायचा. जोडणीचं पुस्तक दिलं तर कर लागेल, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याचा कागद द्यायची आणि गिऱ्हाईक तो उलटा वाचायचं, असं सांगतात. खरं असो वा नसो, काकांना हा किस्सा फार आवडतो. सुटी करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कागद उलटा वाचायच्या ठिकाणी थोडा वेळ लागतो.

तर गेल्या पावसाळ्यानंतर गाडीच्या मागून खडखड यायला लागली. सिंहस्थाच्या तयारीत खणलेल्या रस्त्यांवर नाशिकच्या प्रत्येक गाडीतून खडखड येते आहे. लोक काच वर करतात आणि गाणं मोठं करतात. काकांच्या गाडीला वर करायला काच नाही. ते गल्लीतल्या गतिरोधकावरून सात-आठ वेळा गेले, प्रत्येक वेळी मान वेगळ्या बाजूला कलती करून. माणसं बोलत असताना त्यांना ऐकू येत नाही, अशी काकूंची जुनी तक्रार आहे. पण मागच्या डाव्या चाकापाशी काय बोललं जातंय ते त्यांना अक्षरश: ऐकू येतं. मग पार्किंगमध्ये येऊन त्यांनी स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाशी पहार घातली, हलवली, आणि वैद्यानं नाडी सोडावी तशी ती सोडून म्हणाले, “प्ले आलाय.”

जीपच्या मागच्या प्रत्येक पाट्याचं एक टोक चासीला पक्कं आणि दुसरं शॅकलला लोंबतं. या सगळ्या सांध्यांत रबराचे बुश. लोखंडाची बाहेरची नळी, आतली नळी, मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्टनं आतली नळी आवळून धरायची. पाटा हलला की रबर पिळतं, चाक सोडलं की परत येतं. रबर मेलं की प्ले येतो, लोखंड लोखंडावर आपटतं, आणि वळणावर गाडीचा मागचा भाग स्वत:च्या मतानं चालायला लागतो. किंमत म्हणाल तर सहकुटुंब मिसळ खायला गेलात तर त्याहून जास्त बिल येतं. द्वारका चौकाजवळच्या कुठल्याही गॅरेजमध्ये सकाळी गाडी टाकली तर दुपारी मिळेल. हे मी काकांना एकदा सुचवलं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी पायरीवर बसून पाने हातात द्यायला लागलो. या जमातीचं हेच वैशिष्ट्य : ते मदत मागत नाहीत. “तेरा-चौदा दे,” एवढंच म्हणतात, आणि आपण देतो.

जुना बुश निघेना. हातोडा झाला, रॉकेल झालं, शिव्या झाल्या. मग काकांनी ब्लो-टॉर्चनं रबर जाळून काढलं. जळक्या रबराचा वास तिसऱ्या मजल्यावर चेअरमनसाहेबांच्या देवघरात पोचला, आणि तेलाच्या डागांवरून आधीच तयार असलेल्या नोटिशीत एक परिच्छेद वाढला. आत राहिलेली बाहेरची नळी काकांनी करवतीचं पातं आतून घालून इंचाइंचानं चिरली. पातं चुकलं तर पाट्याला खाच पडते आणि तिथंच पुढं पाटा तुटतो, म्हणून हे काम घाईचं नव्हे. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहावा. नातवाचं जावळ काढतानाही इतक्या हळुवारपणे कात्री चालली नसेल.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये. गार झालं की लोखंड केसभर आकसतं आणि सहज आत जातं, हे शास्त्र. श्रीखंडाच्या डब्यावर ग्रीसचे ठसे उमटतात, हे काकूंचं शास्त्र. काकूंची समजूत घालायला काकांनी दादासाहेब फाळक्यांना आणलं. त्र्यंबकला जन्मलेल्या या माणसानं १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून युनिटच्या स्वयंपाकापर्यंत सगळं सांभाळलं होतं. काकू म्हणाल्या, “त्यांचा सिनेमा पूर्ण झाला होता.”

रविवारी लांब बोल्ट, दोन जाड वायसर आणि नळाच्या पाइपाचा तुकडा एवढ्यावर काकांनी बुश ओढून जागेवर बसवले. मला वाटलं, झालं. पण खरा सोहळा पुढंच होता.

“हवेत आवळतात हे लोक,” काका म्हणाले. हे लोक म्हणजे गॅरेजवाले, सगळे. गाडी जॅकवर असताना पाटा खाली लोंबतो. तशात बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच आपली बैठक समजतं. गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि पाच-सहा महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं जमिनीवर हवीत, गाडीत नेहमीचं वजन हवं, आणि मगच शेवटचा आवळ.

नेहमीचं वजन म्हणजे किती, हा प्रश्न निघाला. ही गाडी नेहमीची अशी कधी चाललेलीच नव्हती. काकांनी वहीत पाहून सांगितलं : चार माणसं, मध्यम. मी एक. पेपर टाकणारा पोऱ्या दुसरा, पण तो हलका, म्हणून त्याच्या मांडीवर गव्हाचं पोतं. काकू पुढं बसल्या, मटार सोलत. मागची डावी जागा रिकामी राहिली, आणि तेवढ्यात हातात पाकीट घेऊन चेअरमनसाहेब जिना उतरले.

“किती वजन तुमचं?” काकांनी गाडीखालून विचारलं.

“माझं? ब्याण्णव. का?”

“बसा.”

ते बसले. का बसले, हे त्यांनाही सांगता येणार नाही. पार्किंगमध्ये खालून येणाऱ्या आवाजात एक अधिकार असतो. पाटा चर्रकन दबला. “हां,” खालून समाधानाचा हुंकार आला. मग बराच वेळ फक्त टॉर्क रेंचची कटकट. “हलू नका... साहेब, उजवीकडं रेलू नका, लोड बदलतोय.” चेअरमनसाहेब पाकीट छातीशी धरून ताठ बसले होते. वेळ जावा म्हणून ते हळूच मला म्हणाले, “सांगलीच्या त्या लोहारांचं वाचलं ना? देवराष्ट्र्याचे. भंगारातून जीप केली, आणि आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. २०२२ मध्ये. यांनीही पाठवावा की फोटो.”

“वाचलंय,” गाडीखालून उत्तर आलं. “साठ हजारांत केली म्हणे. दुचाकीसारखी किक मारून चालू करायचा. कलाकार माणूस. पण त्या बोलेरोत आता करण्यासारखं काय राहिलं असेल?”

काकूंनी मटाराची एक शेंग चेअरमनसाहेबांपुढं केली. त्यांनी पाकीट सीटवर ठेवून ती घेतली.

शेवटी काका बाहेर आले, हात पुसायला काही तरी शोधू लागले, आणि सीटवरचं पाकीट दिसताच ते त्यांनी उचललं. चेअरमनसाहेबांचं तोंड उघडलं, पण त्यात मटार होते. काळ्या बोटांचे चार ठसे घेऊन पाकीट खिळ्यांच्या डब्यात गेलं. काकांनी गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून पाहिला, मान कलती केली, ऐकलं. काही ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा किंचित उतरला.

“पुढच्या रविवारी पुढचे बुश घेतोय,” ते चेअरमनसाहेबांना म्हणाले. “नाश्ता करून या. तुम्हाला पुढं बसवतो.”