सगळं गिळलं, तरी भूक भागेना

९ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी तीन नव्या वस्तू जाहीर केल्या: आयपॉड, फोन आणि इंटरनेटचं साधन. तिन्ही नावं पुन्हा पुन्हा घोकून झाल्यावर त्यांनी सांगितलं, वस्तू एकच आहे. टाळ्यांचा कडकडाट! आपल्याला मात्र यात नवल वाटायचं कारण नव्हतं. नोकिया ११००नं २००३मध्येच फोनचं आणि बॅटरीचं लग्न लावलं होतं, आणि भारनियमनात फोनपेक्षा त्या बॅटरीचंच कौतुक जास्त व्हायचं.

पुढे या यंत्राची भूक वाढली. गजर, कॅमेरा, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, पाकीट, लग्नाची पत्रिका, सगळं पोटात गेलं. कालनिर्णयचंही ॲप आलं, पण भिंतीवरचं कालनिर्णय जागचं हललं नाही. दुधाचा खाडा पेनानं मांडल्याशिवाय चैन पडत नाही ना!

खरी गंमत रेडिओची. एके काळी रेडिओ घरात ठेवायला पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. मग रेडिओ फोनमध्ये शिरला, तोही फुकट. एफएम पकडायला हेडफोनची वायरच अँटेना व्हायची. पण कंपन्यांना वायर गावंढळ वाटू लागली. त्यांनी हेडफोनचं भोकच बुजवलं. वायरबरोबर अँटेना गेली आणि कित्येक फोनांतला रेडिओ मुका झाला. अखेर २०२३मध्ये केंद्र सरकारला फोन कंपन्यांना कळवावं लागलं की बाबांनो, एफएम चालू ठेवा, आपत्तीत लोकांच्या उपयोगी पडतं. ऐकणाऱ्याकडून पैसे घेणारं सरकार आता ऐकवा म्हणून गळ घालत होतं.

तसं सरकारला हे सगळं एकत्र येणार याची कुणकुण फार आधी लागली होती. टेलिफोन, प्रसारण आणि इंटरनेट एकाच आयोगाखाली आणणारं ‘कम्युनिकेशन कन्व्हर्जन्स’ विधेयक २००१मध्ये लोकसभेत आलं. त्याचा कायदा काही झाला नाही. कॅमेरा आणि घड्याळ एका डबीत गुण्यागोविंदानं नांदतात. सरकारी खात्यांना तेवढी अडचण सोसवत नाही.

तर आता सगळं एकात आलं. म्हणून घराबाहेर पडताना न्यायचं काय? फोन, पॉवर बँक, तिची वायर, कानातली बोंडं, बोंडं ठेवायची डबी (तिलाही चार्जिंग लागतं), आणि फोनवर काय आलंय ते सांगायला मनगटावर घड्याळ. हो, फोननं गिळलेलं घड्याळ परत आलं, फक्त आता त्याला किल्लीऐवजी वीज द्यावी लागते.

आणि एवढा लवाजमा असूनही दादरच्या पुलावर टीसीनं अडवलं की नेमका फोन मान टाकतो. तिकीट त्यातच. टीसी शांतपणे सांगतो, फोन बंद म्हणजे तिकीट नाही, दंड भरा. खिशात रोकड नाही, दंडाचे पैसेही त्याच फोनमध्ये. तेव्हा प्रवासी आधी टीसीकडेच चार्जर मागतो.