श्रावण भाद्रपदात येतो

आदिलाबादेत मराठी मासिक दर महिन्याला येतं, असा माझा दावा नाही. ते येतं, एवढंच. श्रावणातल्या उपासाच्या पदार्थांचा अंक मला गणपती उठल्यावर मिळतो. तोवर घरातली भगर संपलेली असते आणि उपासाची हौसही. मी तक्रार करत नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो आणि त्यावरून संत्री, सिमेंट, कोंबड्या, सगळं वेळेवर जातं. पैनगंगा ओलांडताना फक्त मासिकांनाच काय होतं, याची कुणीतरी चौकशी करावी, एवढंच नम्रपणे सुचवते.

अंक हाती आला तरी तो वाचणं ही पुढची पायरी. आमच्या घरात वाचनाचे दोन प्रकार आहेत. हे पेपर वाचतात तेव्हा कामात असतात. मी मासिक उघडते तेव्हा रिकामी असते. यांच्या पेपरवर कुणी भाजीची जुडी ठेवत नाही. माझ्या उघड्या पानावर मेथी येऊन पडते, आणि वर, "वाचतेयस ना नुसती? मग तेवढी निवड." मुलीचं म्हणणं अधिक प्रेमळ असतं. "आई, वाचतेयस? बरं झालं, म्हणजे तुला वेळ आहे." 1930 साली किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक काढलं, तेव्हापासून बाईनं वाचावं असं छापून येतं आहे. कधी वाचावं, हे अजून कुठल्या अंकात आलेलं नाही.

सासूबाईंचं दुःख वेगळं आणि माझ्यापेक्षा जुनं. त्यांचं माहेर किनवटचं. त्या जन्मल्या तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली; किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. सासूबाई कुठेच गेल्या नाहीत, पण त्यांचं माहेर परराज्यात गेलं. तिकडे म्हणे मराठी अंक ताजे मिळतात, मराठी पाट्या आहेत, भाकरीही बहुधा जास्त फुगते. एवढ्या मोठ्या निर्णयात माझा काहीच हात नव्हता. तरी दर महिन्याला अंक उशिरा आला की त्याचा जाब मीच देते.

तेलंगणात घरपट्टीच्या दर रुपयामागे आठ पैसे ग्रंथालय उपकर घेतात. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्यात असा उपकर नाही. म्हणजे वाचनासाठी रीतसर कर भरणारी बाई नदीच्या अलीकडची, आणि ताजे अंक पलीकडे. आमच्या घरपट्टीत तो आकडा दिसला की मी आदरानं बघते. आपण काहीतरी वाचतो आहोत असं वाटतं. माझ्या वाट्याच्या आठ पैशांतून कोणती पुस्तकं आली असतील, हे बघायला एकदा एका वाचनालयात गेले. मराठीचं कपाट होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेले होते. लग्न कुणाचं, हे मात्र तपशीलवार सांगण्यात आलं. हैदराबादेत 1922 पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण ते इथून तीनशे किलोमीटर. कादंबरी बदलायला तेवढं जायचं म्हटलं तर डबा कोण करणार?

शेजारच्या अक्कांवर माझा राग नाही, पण नोंद करून ठेवते. लहानपणी मी ज्या 'चांदोबा'वर जीव टाकला, तो त्यांच्याकडे तेलुगूत 1947 पासून येत होता. मराठीत तो 1952 साली आला. चित्रं तीच, वेताळ तोच, फक्त त्यांच्या घरी आधी पोचलेला. अभिजात भाषेचा दर्जा तेलुगूला 2008 साली मिळाला, मराठीला 2024 च्या ऑक्टोबरात. मी पेढे घेऊन गेले. अक्कांनी पेढा घेतला, "छान झालं" म्हणाल्या, आणि आमचं झालंय हं कधीच, असं एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत. हे मला फार लागलं.

दिवाळी अंकाची तर कथाच वेगळी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांनी कापसाचा विचार केलेला दिसत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि धुणंभांडी करणारी मावशी शेतावर जाते. तिचं चूक काय? वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, माझ्या भांड्यांचे महिन्यावर. म्हणजे वर्षातला सगळ्यात जाडजूड अंक नेमका तेव्हा येतो, जेव्हा घरातली सगळी भांडी माझ्या वाट्याला असतात. पौषात आदिलाबादेत जी थंडी पडते, तिच्यासाठी उभ्या तेलंगणात आमचं नाव आहे. मागच्या अंगणात ऊन येतं, पाठ शेकत बसावं, अंक उघडावा, चार पानं सलग व्हावीत. होतातही. हे सुख मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की तिथे पापड वाळत घातले जातात.

राहता राहिलं 'कालनिर्णय'. 1973 पासून ते घराघरांत आहे आणि पाठीमागच्या पानावर वाचायला मजकूर असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो मजकूर महिनाभर भिंतीकडे तोंड करून असतो. पुढच्या बाजूला दुधाचे खाडे, गॅसची तारीख आणि यांच्या कुठल्याशा कामाचा फोन नंबर. वाचायला काढावं तर "तारीख कुठे गेली?" म्हणून घर डोक्यावर घेतात. त्यामुळे महिना उलटला की मगच ते पान माझं. आमच्या भिंतीनं माझ्यापेक्षा जास्त वाचलेलं आहे.

पांढरकवड्याहून किंवा किनवटहून कुणी आदिलाबादकडे येणार असेल, तर एक विनंती आहे. चिवडा आणू नका, ब्लाउजपीस तर मुळीच नको. चालू महिन्याचा एखादा अंक आणा. आणि दुपारी दोन ते तीनच्या मध्ये तेवढं येऊ नका.