खेळातून सलोखा : व्यवस्थापनाने घ्यायची खबरदारी

डिझायनर, इंजिनिअर, हिशेबवाले आणि विक्रीवाले एका प्रकल्पावर बसवले आणि महिन्याभरात ते एकमेकांशी फक्त ईमेलवर, तेही साहेबांना सीसीत ठेवून, बोलू लागले, की खेळ घ्यावेत असं म्हणतात. जरूर घ्यावेत. मात्र निवड जपून करावी, कारण काही खेळांनी दुसऱ्याची बाजू खरोखरच कळते, आणि ती कळली की माणसं आपसातली भांडणं सोडून कामाच्या रचनेकडे बघायला लागतात. तेव्हा सुरक्षित मार्ग असा : लोणावळ्याचा रिसॉर्ट घ्यावा, खात्यांप्रमाणे संघ पाडावेत, रस्सीखेच लावावी आणि जिंकणाऱ्यांना करंडक द्यावा. याला शास्त्राधार आहे. १९५४ साली मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्हमध्ये अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे दोन गट करून अशाच स्पर्धा लावल्या. पाहता पाहता झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं सुरू झालं. दोघांना एकत्र जेवायला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पुढे बंद पडलेलं पाणी मिळून सुरू करताना आणि अडलेला ट्रक मिळून ओढताना ही भांडणं निवळली. ट्रकला बांधलेला दोर रस्सीखेचीचाच होता. हा उत्तरार्ध आयोजकांनी वाचू नये. ‘ती तर पोरं होती’ असा आक्षेप येईल. बरोबर आहे, पोरांना पगारवाढीसाठी एकमेकांशी झगडायचं नव्हतं.

सर्वांत धोकादायक म्हणजे एमआयटीत तयार झालेला ‘बिअर गेम’. (बिअर फक्त कागदावर असते, हे उत्साही मंडळींना आधीच सांगावं.) किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. बोलायला बंदी, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची, आणि माल हाती यायला काही आठवडे लागतात. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला चार पेट्यांवरून एकदाच आठवर जाते आणि तिथेच थांबते. तरीही कारखान्यापर्यंत पोचेतो तिच्या लाटा होतात : आधी टंचाई, मग घबराटीच्या ऑर्डरी, मग मालाचे ढीग. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत खेळाडूंचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या दहापट निघाला. प्रत्येक जण शेजारच्याला किंवा लहरी गिऱ्हाइकाला दोष देतो. मग खरी मागणी फळ्यावर येते. माणसं बदलली तरी ऑर्डरींचा आलेख तसाच येतो म्हटल्यावर ‘ते खातंच बावळट’ हा आवडता सिद्धान्त टिकत नाही, आणि ‘आपल्याकडे एका खात्याचे आकडे दुसऱ्याला का दिसत नाहीत?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

एवढ्यासाठी खेळ कशाला, व्याख्यान द्या, असंही सुचवलं जाईल. ती सूचना स्वीकारावी. व्याख्यान ऐकताना दोष शेजारच्याचाच वाटतो. खेळात आपल्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी समोर असते. सोमवारपर्यंत सगळं विसरतात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि दिलासा देणारा आहे. विसर पक्का व्हावा म्हणून खेळ संपताच बुफे उघडावा, चर्चेला वेळच ठेवू नये, आणि हिशेबवाल्याला विक्रीवाल्याच्या जागी चुकूनही बसवू नये.

उलट, ज्यांना हे सगळे धोके पत्करायचेच आहेत त्यांना रिसॉर्ट लागत नाही. एक लांब टेबल, कागदाच्या चिठ्ठ्या आणि अर्धा दिवस पुरतो.