वडा दिसला, गाडी नाही

मुंबईवरचा खाद्यभ्रमंतीचा कोणताही कार्यक्रम लावा. आधी ड्रोनमधून सी-लिंक, मग सीएसएमटी, मग गॉगल चढवलेला सूत्रधार. दादरला वडापाव, मोहम्मद अली रोडवर कबाब, फोर्टात बन-मस्का, जुहूला पावभाजी. अर्ध्या तासात शहर आटोपतं. मानखुर्द, गोवंडी, विक्रोळी, भांडुपमध्ये लाखो माणसं रोज जेवतात. कॅमेरा तिकडे फिरकत नाही.

पदार्थांच्या निवडीवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्यामागचं घड्याळ लपवण्यावर. या शहराचं खाणं पाळ्यांनी आणि लोकलच्या वेळापत्रकाने घडवलं. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडापाव सुरू केला, असं मानतात. पाळीला धावणाऱ्या गिरणी कामगाराला कागदात घेऊन उभ्याउभ्या खाता येईल आणि खिशाला परवडेल असं ते जेवण होतं. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांनी पोटासाठी कढई चढवली. त्याच गिरणगावात खानावळवाल्या बायका खोलीत स्टो पेटवून कामगारांना दोन वेळचं रांधून घालत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. यातलं एक वाक्यही पडद्यावर येत नाही. येतं ते ‘वॉव’ आणि मिटलेले डोळे.

सूर्य उगवायच्या सुमाराला ससून डॉकला जा. ओल्या फरशीवर बायका ओळीने बसलेल्या असतात, पुढ्यात बर्फातल्या कोळंबीचा ढीग. चिमटीत डोकं धरायचं, मोडायचं, साल ओढायची, कोळंबी टोपात. बोटं पांढरी पडून सुरकुततात, काट्यांनी चिरतात, तरी हात थांबत नाही. मजुरी मिळते ती सोललेल्या मालाच्या वजनावर. तीच कोळंबी संध्याकाळी ‘कोस्टल क्युझिन’ होऊन काचेच्या ताटलीत येते आणि कॅमेरा नेमका तिथे पोचतो.

पावाचंही तेच. जुन्या बेकरीची भट्टी दाखवायला सगळ्यांना आवडतं. लाल निखारे, लांब दांड्याचं फावडं, मागे सतार. पण २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. हवेसाठी ते गरजेचंच होतं. तरी भट्टी बदलायचा खर्च कोणी उचलायचा, पाव किती महागणार, रात्रभर भट्टीपुढे उभं राहणाऱ्या कारागिराचं काय, हे त्या बेकरीत उभं राहून विचारायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. तेवढीच सूत्रधाराच्या पहिल्या घासाला दिली जातात.

आणि जी सर्वांत जास्त दिसायला हवी, ती महापालिकेची गाडी तर कधीच दिसत नाही. ‘गाडी आली’ एवढी आरोळी उठली की फेरीवाला उकळतं तेल, सिलिंडर, पिठाचा डबा, सगळं आवरून गल्लीत पळतो. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४मध्ये झाला. मुंबईत त्याच साली सर्वेक्षण झालं, सुमारे ९९ हजार विक्रेत्यांची नोंद झाली, आणि पात्र ठरले ते ३२ हजारांच्या आसपास. बाकीच्यांच्या हातचं जगाला दाखवून आपण ‘स्ट्रीट फूड कॅपिटल’ म्हणून मिरवतो. ज्या माणसाला हे शहर दोन हात जागा लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याच जिवावर शहराची जाहिरात करणं हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

पदपथ अडतात, चालणाऱ्याला त्रास होतो, ही तक्रार खरी आहे. तीही दाखवा. दोन्ही बाजू दिसल्या तरच शहर दिसेल.

वाहिन्यांकडे मागणं फार मोठं नाही. कार्यक्रमाच्या शेवटी ड्रोन चालवणाऱ्यापासून केस विंचरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं झरझर वर सरकतात. ज्याच्या हातचा वडा खाऊन भाग उभा राहिला, तो मात्र बहुतेक वेळा ‘दादरचे काका’ म्हणून उरतो. पुढच्या भागात त्याला विचारून त्याचं नाव लिहा. परवाना आहे की नाही, आणि नसेल तर का नाही, तेही त्याच्याच तोंडून येऊ द्या. शूटिंगसाठी त्याचे दोन तास घेतलेत, त्याचे पैसेही द्या.