डॉक्टरांची डुक्कर फियाट

"मास्तर, कळलं का? डॉक्टरांची फियाट निघाली."

अण्णांची बातमी अशीच येते, शेवटाकडून. त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकलं की पुढचा अर्धा तास आपला नाही. मी पाण्याची नळी जास्वंदीच्या बुडात सोडली आणि विचारलं, "निघाली म्हणजे? भंगारात?"

"भंगारात कशाला ओ! पुण्याचं गिऱ्हाईक आहे. रविवारी ट्रेलर घेऊन येतंय. पोरानं अमेरिकेतनं फोनवर सौदा केला म्हणे. ज्या गाडीनं अख्खा मिरज तालुका बरा केला, ती गाडी फोनवर विकली!"

"तालुका औषधानं बरा झाला, गाडीनं नाही," अण्णांच्या घरातून माईंचा आवाज आला. त्या स्वयंपाकघरात असल्या तरी भिंतीवरचं सगळं त्यांना ऐकू येतं.

गल्लीच्या तोंडाला डॉक्टरांचा वाडा, आणि फाटकाच्या आत ताडपत्रीखाली ती गाडी. कागदावर फियाट 1100, मिरजेत डुक्कर फियाट. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात 1954 पासून ही जुळायला लागली. फुगीर पाठ, आखूड तोंड, गोल डोळे; नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण बघितल्यावर दुसरं सुचत नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं आरामात आणि चौथं पोर मांडीवर. पुढचे दरवाजे मात्र उलटे, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. चालत्या गाडीत दार नीट लागलं नसलं की वारा आत शिरून ते सताड उघडायचं. डॉक्टरांनी म्हणून डावं दार सुतळीनं बांधून ठेवलेलं असायचं, आणि शेजारी बसणाऱ्यानं त्यांच्या बाजूनं सरकत आत यायचं.

"सुतळीचं मला सांगू नका," माई पदराला हात पुसत बाहेरच आल्या. "आमच्या थोरल्याच्या वेळी रात्री अडीचला ह्यांनी डॉक्टरांना उठवलं. मला कळा सुरू, आणि हे दोघं सुतळीची गाठ सोडतायत! मिशनच्या फाटकापर्यंत पोरगं थांबलं हे त्याचे उपकार."

"गाठ ओली होती. पावसाळा होता," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांनी बचाव अजून तोच.

मिरज डॉक्टरांचं गाव. 1894 साली वानलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं येतात. पण खेड्यातली म्हातारी माणसं यायची नाहीत, डॉक्टरलाच जावं लागायचं. आरग, बेडग, मालगाव, म्हैसाळ. ऊस आणि काळी रानं. पावसात त्या मातीत फियाट रुतली की शेतकरी बैलजोडी घेऊन यायचा, आणि गाडी बाहेर काढल्यावर घरच्यांची नाडी फुकट बघून घ्यायचा. हा व्यवहार दोन्ही बाजूंना मान्य होता.

"किती आले ओ?" मी विचारलं. गप्पा कितीही भावनेच्या असल्या तरी आकडा कळल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.

अण्णांनी आवाज खाली आणला आणि आकडा सांगितला. माईंनी तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात आपलं दुमजली घर झालं असतं, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

"आता कायदाच झालाय तसा," अण्णा रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. "2021 पासून. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी व्हिंटेज. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांनी पुन्हा पाच हजार. रोजच्या कामाला वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला न्यायची, बस."

"म्हणजे गाडी असून नसल्यासारखीच की," माई.

विलायतेतल्या जुन्या मोटारींच्या क्लबात व्हिंटेज म्हणजे 1930 पर्यंतची. तिथं आमच्या फियाटला कुणी दारात उभं करणार नाही. आपल्याकडे पन्नास वर्षांची अट, त्यामुळे उद्या कुणी पद्मिनी घेऊनही रांगेत उभा राहील. मला ते बरंच वाटतं. राजेरजवाड्यांच्या गाड्या कुणीही सांभाळील. कोल्हापूरच्या छत्रपतींची ती केशरी मेबॅक घ्या. अजून दसऱ्याला दसरा चौकात येते आणि लोक सोनं लुटायचं सोडून आधी तिचा फोटो काढतात. मेबॅकवाले मुळात झेपेलिन वायुनौकांची इंजिनं करणारे; त्यांची मोटार राजालाच परवडायची. तिला बघायला मीही दोनदा पायाची बोटं तुडवून घेतलीत. पण खरं कौतुक विचाराल तर मला इचलकरंजीच्या मीराचं आहे.

"कोण मीरा?" माईंचे कान टवकारले.

"गाडी ओ, गाडी!" अण्णा घाईनं म्हणाले. "शंकरराव कुलकर्णी. शाळा जेमतेम सातवी, आणि इचलकरंजीत बसून माणसानं स्वतःच्या हातानं मोटार केली. 1949 साली. दोन माणसांची. नंतर सुधारून सुधारून अजून काढल्या, सत्तर सालापर्यंत. इंजिन मागं, पाट्यांच्या जागी रबर. बारा हजारांत द्यायची म्हणत होते."

"मग दिली का?"

"कारखानाच उभा राहिला नाही. छोटी गाडी लोकांना मिळाली ती डिसेंबर 1983 ला, मारुती. इथनं तीस किलोमीटरवर झालेली गाडी कुणाला ठाऊक नाही, आणि नॅनो आल्यावर सगळे म्हणाले, गरिबाची गाडी पहिल्यांदाच!"

अण्णांचा आवाज चढला तसा माझ्या डावीकडच्या भिंतीवरून चाचांचं डोकं वर आलं. चाचांचं गॅरेज सांगली रस्त्याला होतं. आता गुडघ्यांनी संप केल्यामुळे ते घरीच असतात. त्यांचे वडील सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. लढाईत पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा ते कोळशाच्या गॅसवर गाडी हाकायचे. मागं भट्टी, क्लीनर हातानं पंखा फिरवून ती पेटवायचा, आणि चढ आला की पॅसेंजर खाली उतरून चालत. चाचा त्या भट्टीच्या गोष्टींवर वाढले, म्हणून इंजिनाचा त्यांना धाक कधी वाटला नाही.

डॉक्टरांची फियाट शेवटपर्यंत त्यांच्याच हातात होती. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांची फट सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यानं मापायची. गेज कोपऱ्यात पडलेलं असायचं. टॅपेट वाजतायत का बघायला लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडं, अर्धा तिकडं, डोळे मिटून. आमच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा कारागीर घोडी घासून घासून एका क्षणी थांबतो ना, चाचा तसेच थांबायचे आणि म्हणायचे, "आता बोलली."

"चाचा, आंबा घाटातलं सांगा की," मी म्हणालो.

"काय सांगायचं? मे महिना. डॉक्टर आणि वहिनी रत्नागिरीला चाललेले, मला सोबत घेतलेलं. निम्म्या घाटात गाडी बंद. डॉक्टर म्हणाले, पेट्रोल संपलं. मी म्हटलं, टाकी तर भरलीय. बॉनेट उघडलं, पंपाला हात लावला तर चटका! पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ झालेली. पंप नुसती हवा ओढतोय, पेट्रोल पुढं जातच नाही. वहिनींच्या तिखट-मिठाच्या पुरचुंडीचं फडकं सोडलं, कळशीत बुडवलं, पंपाला गुंडाळलं. दहा मिनिटांत चालू. मग सगळ्या घाटात मी दर चार वळणांनी उतरून फडकं ओलं करतोय."

"आणि तिखट-मीठ?" माई.

"ते वहिनींनी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या डबीत भरलं. पुढं आठवडाभर पेशंट शिंकत होते."

हसता हसता मी रविवारच्या गिऱ्हाइकाचं सांगितलं. चाचांचं हसू थांबलं.

"ते लोक कागद बघणार?"

"बघणारच. व्हीए नंबर घ्यायचा असेल त्यांना. नियम सांगतो," अण्णा सरसावले, "गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन, कशात मोठा फेरफार नको."

"मग अवघड आहे," चाचा म्हणाले. "इंजिन तिचं नाही."

अण्णा भिंतीवर अजून पुढं वाकले. माझ्या जास्वंदीच्या दोन फांद्या त्यात गेल्या, पण बोलायची वेळ नव्हती.

चाचांनी सांगितलं ते असं. राजीव गांधींच्या काळात कधीतरी जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकला. मूळ स्पेअर मिळेना. कोल्हापूरला उद्यमनगरात वेल्डिंग करून आणलं, ते तीन महिने टिकलं. मग एका ठोकलेल्या पद्मिनीचं इंजिन उतरवून यात बसवलं. दोन्ही 1089 सीसीची, एकाच घराण्यातली. थोडी कुठं घासाघीस केली की बसतं. डॉक्टरांना रात्रीबेरात्री जायचं असायचं, त्यांनी विचारलं एवढंच, "सुरू होईल ना?" बुकात नोंद करायची राहिली ती राहिलीच.

"म्हणजे पुण्याचा माणूस फसला," अण्णांच्या आवाजात काळजीपेक्षा गोडीच जास्त होती.

"फसला कसला? गाडी चालते ना?" चाचा चिडले. "जी गाडी कामाला होती तिचं काय जुनं राहील ओ? क्लच माझा, पाटे तीनदा बदलले, सायलेन्सर तर मोजू नका. सगळं कंपनीचं पाहिजे असेल तर शेडमध्ये नुसती उभी केलेली गाडी बघा म्हणावं."

बरोबर होतं ते. पण व्यवहार म्हणून मला राहवेना. गिऱ्हाईक आधी चासी आणि इंजिनाचे आकडे बुकाशी जुळवून बघतं, एवढं मलाही ठाऊक. जुळले नाहीत तर भाव निम्म्यावर, आणि डॉक्टरांच्या नावाला बोल. पोराला आजच फोन करून खरं काय ते सांगावं, असं मी म्हणालो. अण्णांचं म्हणणं, रविवारपर्यंत थांबावं, गंमत बघावी. माईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी माघार घेतली.

"जुनं इंजिन भंगारात गेलं असेल ना?" मी चाचांना विचारलं.

चाचा गप्प. मग मान खाजवत म्हणाले, "डॉक्टर म्हणालेले, टाकून दे. मी काही टाकलं नाही. नंबर अजून वाचता येतो त्याच्यावर."

"कुठंय?"

उत्तर चाचांनी दिलं नाही. त्यांच्या परसातून धपाधप धुण्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि चाची पलीकडून ओरडल्या, "माझ्या धोंड्याखाली हाय! डुगडुगत होता म्हणून ह्यांनीच बसवलंय ते. न्यायचं तर न्या, पण आधी खाली चार विटा रचून द्या. आणि रविवारी नको, रविवारी माझ्या गोधड्या असतात."