गुरुजी मॉरिशसला उतरतात

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी ही भंडारा जिल्ह्यातली एक स्वतंत्र जमात आहे. लाखनी, साकोली, तुमसर, पवनी, कुठूनही उचला, माल सारखाच. पांढरा मनिला, खिशाला दोन पेनं, मनगटाला दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ. नोकरीत असताना यांची धाव नागपूरपर्यंत. आता पोरं शिकली, संगणकात गेली. त्यातली एखादी लेक नवऱ्यासोबत थेट मॉरिशसच्या एबेनला पोचते आणि मे महिन्यात, भंडारा ४५ अंशांवर तापलेला असताना, आईबाबांना तिकडे बोलावते.

लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा म्हणजे गुरुजींना आधीच अवघड. म्हणून ते शिधा घेऊन निघतात. कुरोड्या, मूगवड्या, जवसाची चटणी. खरं तर पाच किलो चिन्नोर तांदूळही निघाला होता. पण बी-बियाण्याला, धान्याला तिकडे परवाना विचारतात, असं लेकीनं फोनवर बजावलं, आणि पिशवी दारातून परत गेली. मुंबईपासून सुमारे सहा तासांच्या प्रवासात गुरुजी खाली हिंदी महासागर पाहत नाहीत, त्या तांदळाचा विचार करतात.

उतरल्यावर मात्र ते पाहुणे राहत नाहीत. शाळातपासणीला आल्यासारखे वागतात. गाडी विमानतळाबाहेर पडली की पहिला प्रश्न.

"जावईबापू, हे सारं ऊसच होय का?"

"हो मामाजी, बहुतेक ऊसच."

"अन् धान?"

धान नाही. बेटावर दोन्ही वेळ भात शिजतो, पण तांदूळ बाहेरून येतो. हे ऐकून गुरुजी जे गप्प होतात, ते पुढचे दोन गोल चौक गप्पच. मग मागे वळून आपल्या बाईंना सांगतात, "भात खाऊन राहिले, अन् धान लावून नाही राहिले हे लोकं!" ज्या जिल्ह्यात जूनमध्ये पऱ्हे टाकले की नाही यावरून माणसाची अक्कल ठरते, तिथल्या माणसाला एक अख्खा देश बिनबांध्यांचा पाहणं सोपं नसतं. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात. ज्वालामुखीचं बेट, शेत काढायचं तर आधी दगड वेचावे लागत. ते मजुरांनी हातांनी वेचून रचले, असं जावई सांगतो. यावर गुरुजी काही बोलत नाहीत. तपासणीत एवढा एकच शेरा कोरा राहतो.

क्षेत्रफळ हा त्यांचा हुकमी विषय. बेट १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण निम्मं. "अन् आपल्यातून १ मे १९९९ ले गोंदिया गेला. तो धरला, त् पाचेक मॉरिशस बसतेत." गोंदियाच्या विभाजनाचा विषय ते भावकीच्या वाटणीसारखा काढतात, आणि ऐकणारा मॉरिशसचा टॅक्सीवाला असला तरी त्यांना फरक पडत नाही. लेक म्हणते, दक्षिण टोक फार लांब आहे, रविवारी जाऊ. उत्तर टोकापासून दक्षिण टोक पासष्ट किलोमीटरच्या आसपास. ज्यानं ट्रेझरीच्या एका सहीसाठी भंडारा-नागपूर-भंडारा केलं, तो यावर हसणार नाही तर काय करणार?

दुपारी जावई कौतुकानं रस्त्यावरची दालपुरी आणतो. पातळ, मऊ, आत चण्याच्या डाळीचं सारण. बिहारकडून गेलेल्या मजुरांनी नेलेला आणि आता अख्ख्या बेटाचा झालेला पदार्थ. गुरुजी पहिला घास घेतात, थांबतात, बाईंकडे पाहतात. "गूळ टाकाचं इसरली वाटते." तिखट रश्शासोबत खायची असते, असं लेक समजावते. पण चहूकडे ऊस असलेल्या मुलखात पुरण अगोड असावं, हे प्रशासकीय अपयश आहे, या मतावरून ते हटत नाहीत. तेवढ्यात चार संपवतात, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळी शेजारचे गृहस्थ भेटायला येतात. हे मराठी. पणजोबांचे पणजोबा गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर आलेले. भारतातून मजुरांची ती रांग १८३४ मध्ये सुरू झाली, आणि साडेचार लाखांवर माणसं या बेटावर उतरली. त्यांतले मराठी बहुतेक कोकणातले. गृहस्थ शाळेत शिकलेलं मराठी जपून, एकेक शब्द ठेवत बोलतात. गणेशचतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, हे अभिमानानं सांगतात. गुरुजी विचारतात, "गाव कोनतं?"

"रत्नागिरी. तुमचं जवळच ना?"

रत्नागिरी ते भंडारा म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक. गुरुजींनी उभ्या आयुष्यात रत्नागिरी पाहिलेली नाही. पण भूगोलाचे शिक्षक असूनही ते शांतपणे म्हणतात, "हव, जवळच." माझ्या मते दिवसभरातलं त्यांचं हे एकमेव चुकीचं आणि सर्वांत चांगलं उत्तर.

दिवसाचा खरा सोहळा मात्र त्याआधीच, दुपारी बाराला होऊन गेलेला असतो. भंडारा उत्तरेला एकवीस अंशांवर, मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, हे गुरुजींनी नोकरीभर फळ्यावर काढलं, पाहिलं कधीच नाही. आता ते अंगणात छत्री उभी धरून उभे राहतात. सावली दक्षिणेला! लगेच लाखनीच्या जुन्या सहकाऱ्याला फोन.

"सावली दक्षिणेकडे पडून राहिली बा!"

तिकडे दीड वाजलेला, लू चाललेली. "गुरुजी, इथं सावलीच नाही भेटून राहिली. ठेवा फोन."

समुद्र? तो त्यांनी पाहिलेला नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर नेलं तर ते पाण्याकडे पाठ करून विचारतात, "एवढं पाणी, पन ओलिताचं का?" खारं पाणी त्यांच्या हिशेबात पाणीच नव्हे. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर वाढलेल्या माणसाचा हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

तेव्हा बेटावरच्या लेकी-जावयांनो, पहिल्याच दिवशी गुरुजींना किनाऱ्यावर नेऊ नका. मार-ओ-वाक्वाला न्या. तो तिथला सर्वांत मोठा जलाशय, गोड्या पाण्याचा. तिथे ते तासभर रमतील, त्याची गोसेखुर्द धरणाशी तुलना करतील आणि खुशीत घरी येतील. आणि रात्रीचं जेवण भंडाऱ्याच्या सातलाच वाढा. तिथल्या घड्याळात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.