मोरीचं अनुदान

आमच्या घरातला टब १७०० मिलिमीटर लांब आणि ७०० मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे होता. इंग्लंडमधले बहुतेक टब याच मापाचे. १९७९ साली लंडनच्या उपनगरातलं हे घर बघायला आलो, तेव्हा एजंटाने देवघर दाखवावं तशा भक्तिभावाने तो आम्हाला दाखवला. आम्हीही भक्तिभावाने पाहिला आणि घराचा ताबा मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यात बादली नेऊन ठेवली. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं आम्ही नवराबायको त्या टबात उकिडवे बसून तांब्याने अंघोळ करत आलो. टब भरून आत आडवं पडायचा प्रयोग मी एकदाच केला. आपलाच मळ आपल्याभोवती तरंगत असताना निवांत पडून राहायला जे संस्कार लागतात, ते माझ्यावर मिरजेत झालेले नव्हते. बाहेर आलो आणि बादलीने परत अंघोळ केली.

बादलीला आणखी एक कारण होतं. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गार पाण्याचा वेगळा. एकाखाली हात भाजतो, दुसऱ्याखाली बधिर होतो. अर्ध्या जगावर राज्य करण्याच्या गडबडीत या लोकांना दोन नळ एकत्र आणायला सवड झाली नसावी. तेव्हा आधी कढत पाणी, मग विसण, मग बोट बुडवून बघणं, हे सगळं बादलीतच करावं लागायचं.

हिच्या संधिवाताने गुडघे धरले तेव्हा पहिल्यांदा टबाची उंची जाणवली. ती कड चांगली गुडघ्याच्या वर येते. आधी एक पाय उचलायचा, तो पलीकडे टाकायचा, मग मधल्या मधे क्षणभर विचार करायचा आणि दुसरा पाय ओढून घ्यायचा. कुंपणावरून पेरू चोरायला निघाल्यासारखं. एके सकाळी हिने या मधल्या क्षणी आधाराला टॉवेलचा दांडा धरला. टॉवेलचा दांडा टॉवेलसाठी असतो. तो स्क्रू, प्लास्टर आणि अर्ध्या टाइलसकट हातात आला. आवाज ऐकून मी धावलो, तर ही कमोडच्या झाकणावर बसलेली, दांडा हातात उभा धरून, दरबारातल्या चोपदारासारखी. लागलं काही नव्हतं. मी हसलो, ही माझी चूक झाली.

मुलीने फोनवरूनच हुकूम सोडला, "बाबा, दार असलेला टब घ्या." त्याप्रमाणे एक विक्रेता घरी आला आणि तीन तास बसला. त्याच्या माहितीपत्रकात एक पांढऱ्या केसांची बाई गळ्यापर्यंत फेसात बसून हसत होती. या टबाच्या बाजूला दार असतं, आत खुर्चीसारखी बैठक असते. पाय फारसा उचलावा लागत नाही, हे खरं. पण कृती अशी की आधी आत जायचं, दार लावायचं आणि मग नळ सोडायचा. पाणी चढेपर्यंत उघड्या अंगाने कोरडं बसायचं. अंघोळ झाली की पाणी पुरतं ओसरेपर्यंत उघड्या अंगाने ओलं बसायचं, कारण आधी दार उघडलं तर अंघोळ जिन्यावरून दिवाणखान्यात येते. बहुतेक दारं आतल्या बाजूला उघडतात, पाण्याच्या दाबानेच ती घट्ट बसतात, हे त्याने फार कौतुकाने सांगितलं.

हिने सगळं ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाली, "देव पाण्यात ठेवतात तशी मला ठेवणार म्हणा की."

किंमत अकरा हजार पौंडांवर सुरू झाली. चहा झाल्यावर नऊ झाली. चिवडा झाल्यावर साडेसात, पण आज, आत्ता सही केली तर. शिवाय साठी उलटलेल्यांना असा टब बसवून घेताना २० टक्क्यांऐवजी ५ टक्केच व्हॅट पडतो, हेही त्याने सांगितलं, आणि ते खरं निघालं. साठी बुद्धी नाठी ही म्हण इथल्या अर्थखात्यालाही माहीत असावी. मी मात्र मिरजेच्या बाजारात कोथिंबीर घेतलेला माणूस. चिवड्याची आणखी एक बशी दिली तर हा पाच हजारांवर येईल, एवढं मला कळत होतं. घरात चिवडा संपला होता म्हणून सही राहिली.

त्या रविवारी महाराष्ट्र मंडळात गेलो. लंडनचं आमचं मंडळ १९३२ सालचं आहे, आणि तेव्हापासून तिथे साबुदाण्याच्या खिचडीबरोबर सल्ला फुकट मिळत असावा. एक मित्र म्हणाला, "अरे, पैसे कसले घालवतोस? कौन्सिलकडून अनुदान घे." १९९६ च्या कायद्याने अपंगांना घरात बदल करून घ्यायला अनुदान मिळतं, इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त ३०,००० पौंड, वेल्समध्ये ३६,०००. "मग वेल्सलाच जाऊ या का?" असं दुसऱ्याने विचारलं. तो पुण्याचा आहे.

अर्ज मागवला. त्यात उत्पन्न, पेन्शन, शिल्लक. शिल्लक ६,००० पौंडांच्या आत असली तर ती मोजत नाहीत. त्याहून थोडी जास्त असली की माणसाला आपण नको इतके काटकसरी वागलो याचा पश्चात्ताप होतो. अनुदान मोठं असेल आणि दहा वर्षांच्या आत घर विकलं, तर त्यातली काही रक्कम कौन्सिल परत मागू शकते, असंही एक कलम होतं. ही त्यावर म्हणाली, "घराचं विचारलंय दहा वर्षांचं. माझं कुणी विचारलं नाही." अर्ज पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत निर्णय द्यायचं कायद्याचं बंधन आहे. अर्ज पूर्ण झाला असं कधी म्हणायचं, यावर आमचा आणि कौन्सिलचा पत्रव्यवहार एक पावसाळाभर चालला. इथे पावसाळा बारा महिने असतो.

पण या सगळ्याच्या आधी घरी येते ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. इथे सगळे तिला नुसतं ओटी म्हणतात. "मंगळवारी ओटी येणार आहे," असं मी सांगितल्यावर हिने सवयीने विचारलं, "कुणाची?"

ओटी म्हणजे तिशीतली, हसरी, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली मुलगी. तिने विचारलं, "सध्या अंघोळ कशी करता?" आम्ही टब दाखवला, टबातली बादली दाखवली, बादलीतला तांब्या दाखवला. तिने बराच वेळ तिघांकडे पाहिलं. तिच्या फॉर्मात शॉवरला चौकट होती, टबाला चौकट होती. बादलीला नव्हती. शेवटी समासात काहीतरी लिहून तिने त्याखाली दोन रेघा ओढल्या.

टॉवेलचा दांडा गेला त्या जागी तिने आधाराचा खरा दांडा लिहून दिला, आणि हजार पौंडांच्या आतली अशी किरकोळ मदत फुकट असते हेही सांगितलं. मग आली एक फळी. ती टबावर आडवी टाकायची, बाहेरून तिच्यावर बसायचं आणि पाय एकेक करून आत घ्यायचे. पाटच तो, फक्त प्लॅस्टिकचा. फळी उत्तम होती, पण ही वर आणि बादली खाली. तांब्या भरायला वाकलं की कंबर धरायची. बादली फळीवर शेजारी ठेवून पाहिली, तर हिला बसायला जागा उरेना.

मग विजेवर खालीवर होणाऱ्या खुर्चीचं नाव निघालं. ही खुर्ची माणसाला अलगद टबात उतरवते आणि अंघोळ झाली की वर आणते. तिच्यातली एक गोष्ट मला फार आवडली. परत वर आणण्याइतकी वीज बॅटरीत शिल्लक नसेल, तर ती खाली जायलाच नकार देते. आपल्याकडच्या काही सहकारी बँकांच्या संचालकांना ही खुर्ची एकदा दाखवायला हवी. पण खुर्ची टबात बसली की बादली टबात बसत नाही, आणि बादली सोडायला ही तयार नव्हती.

ओटीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, टब काढूनच टाकू. सगळ्या खोलीची जमीन एकसारखी करू, तिला एका कोपऱ्याकडे हलका उतार देऊ, कोपऱ्यात पाणी जायला जाळी. मधे कुठे कड नाही, उंबरठा नाही. पाय न घसरणारी जमीन. भिंतीशी बसायला एक बैठक, धरायला दांडा, आणि पाणी हातात घेऊन अंगावर घेता येईल अशी सोय.

हिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, ही मोरी सांगतेय."

मिरजेच्या आमच्या वाड्यात अशीच मोरी होती. शहाबादी फरशी, कोपऱ्याकडे उतार, भोकाला फडक्याचा बोळा, कडेला चार बोटं उंच कठडा. कोपऱ्यात तांब्याचा बंब धुमसत असायचा आणि शेजारी घंगाळ. आजी ऐंशीच्या पुढे गेली तरी पाटावर बसून स्वतःच्या हाताने अंघोळ करायची. तिच्या मोरीला कुणी अनुदान दिलं नव्हतं. मोरीत दिवसा झुरळं असायची आणि रात्री अंधार, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक लगेच पूर्वजांना सगळं माहीत होतं म्हणायला लागतात. ओटीला मी कठड्याचं सांगितलं, तर ती घाबरून म्हणाली, चार बोटंही नकोत.

अनुदान मंजूर झालं. उत्पन्नाच्या हिशोबात आमचा वाटा चौदाशे पौंडांचा निघाला, आणि तोही मुलीने चिवड्याशिवाय दिला. काम करायला आलेला प्लंबर मोठा गप्पिष्ट होता. गरम-गार पाणी आपोआप मिसळून एका बेताचं ठेवणारा वॉल्व्ह त्याने बसवला. म्हणाला, "नव्या घरांत टबाचं पाणी ४८ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे, तुम्ही तर त्याहून कमी ठेवा." मी त्याला म्हटलं, आमच्या भाषेत या सगळ्या कामाला एकच शब्द आहे, विसण. त्याने दोन-तीनदा म्हणून बघितलं. संध्याकाळपर्यंत तो त्या वॉल्व्हला 'विल्सन' म्हणू लागला होता. आता आम्हीही म्हणतो. विल्सन बिघडला की चहा गार होईपर्यंत पाणी येत नाही.

काम बघायला ओटी परत आली, तेव्हा हिने तिची ओटी भरायचं ठरवलं होतं. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही. "ही भेट नाही, ओटी आहे," हिने सांगितलं आणि मला भाषांतर करायला लावलं. ओटीला ओटी म्हणजे काय ते इंग्रजीत सांगणं हे माझ्या परदेशातल्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ठरलं. शेवटी नारळ आम्हीच फोडला आणि तिने उभ्या उभ्या खोबऱ्याचा एक तुकडा खाल्ला. तेवढं नियमात बसत होतं म्हणे.

काढलेला टब मागच्या अंगणात आहे. त्यात अळू लावला आहे. बरा येतो, पण खाजतो.

हे सगळं कोथरूडच्या धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, तर तो गप्प झाला. त्याच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला, त्यात बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला टब दिला. भाऊ पंचाहत्तरीचा. पाणी बंद असतं त्या गुरुवारसाठी तो टब भरून ठेवतो, एवढाच उपयोग. एकदा हौसेने आत बसला, तर बाहेर काढायला वॉचमनला बोलवावं लागलं. त्यामुळे आमच्या फळीचं ऐकून तो हरखला. फळी उसनवारीची होती, ती कौन्सिलच्या भांडारात परत गेली होती. मी तिचं चित्र काढून पाठवलं. त्याने टबाचं माप घेतलं आणि ओळखीच्या सुताराला बोलावलं. सुताराने विचारलं, "पाट जेवायचा की लग्नाचा?" भाऊ लाजून म्हणाला, अंघोळीचा. सुताराने ते लग्नाच्या हळदीच्या अंघोळीचा असं धरलं.

काल त्याचा फोटो आला. सागवानी पाट, झकास पॉलिश, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं. खाली लिहिलंय, "बसायला मजबूत आहे, पण सरकताना फुलं रुततात. तिकडे ओटीला विचार, यावर काही आहे का."